ब-जीवनसत्त्वं: सात स्वयंपाकघरात, आठव्याचा हिशोब वेगळा

तोंड आलं, थकवा वाटू लागला, केस गळायला लागले की केमिस्टकडून बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप आणायची, आठ-दहा दिवस गोळ्या खायच्या आणि विसरून जायचं, ही आपल्याकडची घराघरातली रीत. लघवी पिवळीधमक झाली की गोळी ‘लागू पडली’ असंही समजतात. तो पिवळा रंग रायबोफ्लेव्हिनचा, म्हणजे बी२चा. शरीराला नको असलेलं मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं, एवढाच त्याचा अर्थ.

ब-गटात आठ जीवनसत्त्वं येतात: थायमिन (बी१), रायबोफ्लेव्हिन (बी२), नायसिन (बी३), पँटोथेनिक अ‍ॅसिड (बी५), पायरिडॉक्सिन (बी६), बायोटिन (बी७), फोलेट (बी९) आणि कोबालामिन (बी१२). सगळी पाण्यात विरघळतात आणि अन्नातून ऊर्जा काढणं, रक्तपेशी घडवणं, नसा शाबूत ठेवणं या कामांत पेशींना मदत करतात. त्यांचा शरीरातला साठा मात्र सारखा नाही. थायमिन जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतं, फोलेट तीन-चार महिने, तर बी१२ यकृतात दोन ते पाच वर्षं पुरेल इतकं साठलेलं असू शकतं. त्यामुळे खाण्यात फरक पडला की थायमिनची कमतरता महिन्याभरात दिसते. बी१२ची कमतरता दिसेपर्यंत काही वर्षं जातात आणि तोवर माणूस ‘मी तर जन्मापासून शाकाहारी, मला काही झालं नाही’ असं सांगत असतो.

आपल्या रोजच्या जेवणात आठपैकी सात जीवनसत्त्वं पुरेशी येऊ शकतात. धुण्यात, उकळण्यात आणि ओतून देण्यात ती घालवली नाहीत म्हणजे झालं. आठवं बी१२. शाकाहारी घरात नुसत्या स्वयंपाकाने त्याचं भागेलच असं नाही. ते मोजावं लागतं आणि बहुतेकदा गोळीने भरून काढावं लागतं.

भात

तांदळातलं थायमिन बहुतेक सगळं कोंड्यात आणि अंकुरात असतं. १८९०च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमान यांना दिसलं की पांढऱ्याशुभ्र सडीच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा खायला घातला की त्या सुधारतात. माणसांमधला बेरीबेरी हा त्यातलाच आजार. १९२९मध्ये आयकमान यांना नोबेल मिळालं.

आकडे पाहा. पॉलिश केलेल्या १०० ग्रॅम कच्च्या तांदळात थायमिन साधारण ०.०६ मिलिग्रॅम, हातसडीच्या तांदळात ०.२ मिलिग्रॅम आणि गिरणीतून सडून आलेल्या उकड्या तांदळातही ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास. उकड्या तांदळाला हे जमतं ते साळ भिजवून वाफवल्यामुळे. त्या वेळी कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत उतरतं आणि नंतर तूस-कोंडा काढला तरी आतच राहतं. कोकणात आणि गोव्यात सकाळी उकड्या तांदळाची पेज पिणारा माणूस या बाबतीत कोलम किंवा बासमती खाणाऱ्यापेक्षा पुढे असतो. पेजेचं पाणीही पोटात जातं, हा आणखी एक फायदा.

पांढरा तांदूळच आवडत असेल तर निदान एवढं करा:

१. तांदूळ चोळून चार-पाच पाण्यांनी धुऊ नका. दोन वेळा हलक्या हाताने खळबळून पाणी काढलं की पुरे. चोळून धुण्याने थायमिनचा चौथा हिस्सा ते निम्मा भाग मोरीत जातो.

२. भात वेळू नका. भरपूर पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून देण्याची रीत असेल तर ते पाणी आमटीत किंवा कणीक मळायला वापरा. बेताचं पाणी घालून कुकरमध्ये लावलेला भात सगळ्यात बरा.

३. रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ मिळाला तर त्यातले किंचित वेगळ्या रंगाचे दाणे निवडून टाकू नका. तो ‘प्लास्टिकचा तांदूळ’ नाही. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक अ‍ॅसिड आणि बी१२ मिसळून पाडलेले ते दाणे असतात आणि १०० दाण्यांमागे साधारण एक या प्रमाणात मिसळलेले असतात. पाण्यावर तरंगतात म्हणून बायका ते ओंजळीने काढून टाकतात आणि सगळी योजना तिथेच वाहून जाते.

त्या तांदळाकडून फार अपेक्षाही ठेवू नका. नियमानुसार किलोमागे बी१२ असतं ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम. माणशी दिवसाला ३०० ग्रॅम तांदूळ धरला तरी हातात पडतात ०.२ ते ०.४ मायक्रोग्रॅम. मोठ्या माणसाची गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे.

कुकर जीवनसत्त्वं ‘मारतो’ अशी एक समजूत आहे. तापमान जास्त असतं हे खरं, पण वेळ कमी लागतो, पाणी कमी लागतं आणि झाकण बंद असतं. उघड्या पातेल्यात तासभर रटरटत ठेवण्यापेक्षा तीन शिट्ट्या परवडल्या.

कडधान्यं, सोडा आणि कट

थायमिनचा स्वयंपाकघरातला मोठा शत्रू म्हणजे खाण्याचा सोडा. थायमिन आम्लात टिकतं, अल्कलीत तुटतं. छोले किंवा हरभरे लवकर मऊ व्हावेत म्हणून भिजवताना अर्धा चमचा आणि शिजवताना आणखी अर्धा चमचा सोडा घातला की दाणा मऊ होतो, पण थायमिनचा बराच भाग जातो. हरभरे टणक राहतात ते बहुतेकदा जुने असल्यामुळे किंवा पाणी जड असल्यामुळे. त्यावर सोड्याऐवजी मीठ वापरा: एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून हरभरे रात्रभर भिजवा, ते पाणी काढून टाका आणि ताज्या पाण्यात शिजवा. साल मऊ पडते. भिजवलेलं पाणी टाकून दिल्याने थोडं नुकसान होतं, पण पोटातला गॅस कमी होतो, त्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिजवलेलं पाणी मात्र टाकू नका.

पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं पाणी काढून त्याची कटाची आमटी करणाऱ्यांनी हे फार पूर्वीच ओळखलं होतं. पाण्यात उतरलेलं फोलेट आणि थायमिन त्या कटात असतं. होळीपुरताच हा शहाणपणा न ठेवता राजमा, चवळी, मसूर यांच्या पाण्यालाही तोच न्याय लावा.

मोड आणण्याचा फायदाही खरा आहे. मूग किंवा मटकी आठ-दहा तास भिजवून फडक्यात बारा ते चोवीस तास बांधून ठेवली की रायबोफ्लेव्हिन, नायसिन आणि फोलेट वाढतं. बी१२ मात्र मोडांत तयार होत नाही. इडलीच्या आंबवलेल्या पिठावर आणि आंबिलीवरही भरवसा ठेवता येत नाही. ‘फर्मेंटेड खातो, त्यामुळे बी१२ मिळतं’ हे वाक्य सध्या फार ऐकू येतं, म्हणून इथेच सांगितलेलं बरं.

भाकरी, पोळी आणि शेंगदाणे

गव्हाचं आख्खं पीठ १०० ग्रॅमला जवळपास अर्धा मिलिग्रॅम थायमिन देतं, मैदा त्याच्या चौथ्या हिश्शाइतकं. बाजरी, ज्वारी, नाचणीत ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम असतं. म्हणजे दोन्ही वेळा पोळी-भाकरी खाणाऱ्या घरात थायमिन सहसा कमी पडत नाही. पिठाची चाळणी फार बारीक ठेवून कोंडा टाकून देऊ नका, एवढंच.

ज्वारीबद्दल एक जुनी गोष्ट माहीत असावी. १९६०च्या सुमारास दख्खनमध्ये जवळपास फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत पेलाग्रा दिसत असे. हा नायसिनच्या कमतरतेचा आजार: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, मग भ्रम. हैदराबादच्या पोषण संस्थेत सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाचा त्याच्याशी संबंध जोडला. यातून ज्वारी वाईट ठरत नाही. वाईट होतं ते ज्वारीशिवाय ताटात दुसरं काही नसणं. भाकरीसोबत वरण किंवा पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी असली की प्रश्न उरत नाही. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला १२ मिलिग्रॅमच्या पुढे नायसिन असतं, म्हणजे मूठभर (३० ग्रॅम) दाण्यांत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा आला.

उपवासाचं पण पाहून घ्या. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, ब-जीवनसत्त्वांच्या नावाने शून्य. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. आठवड्यातून दोन-दोन उपवास करणाऱ्यांनी वरी, राजगिरा, दाण्याची आमटी आणि दूध यांना साबुदाण्याच्या वर जागा द्यावी.

पालेभाजी आणि फोलेट

फोलेटच्या शोधाचा धागा मुंबईत आहे. १९२८मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत राहून गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधला रक्तक्षय तपासू लागल्या. या बायकांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. १९४१मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला तेव्हा त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं.

१०० ग्रॅम कच्च्या पालकात फोलेट साधारण १५० ते २०० मायक्रोग्रॅम. मेथी, चवळई, हरभऱ्याची डाळ, राजमा, चवळी हेही चांगले स्रोत. मोठ्या माणसाला दिवसाला २०० ते ३०० लागतं. ताटात एक वाटी डाळ-उसळ आणि अर्धी-एक वाटी पालेभाजी असेल तर हिशोब जुळतो. अट एकच, भाजी उकळून पिळलेली नको. भरपूर पाण्यात उकळलेल्या पालकातलं फोलेट निम्म्याच्या आसपास पाण्यात उतरतं, वाफवल्यावर ते जवळपास सगळं राहतं.

म्हणून जुडी आणल्यावर दोन-तीन दिवसांत वापरा. पानं अख्खी धुवा, मग चिरा, कारण चिरून धुतलं की कापलेल्या कडांतून रस जातो. कढईत फोडणी करून पानं घाला, पाणी घालू नका, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं शिजू द्या. पानांना चिकटलेलं पाणी पुरतं. अंबाडी उकडून पिळतात ती आंबटपणा कमी करायला आणि तिथे पर्याय नाही. तिचं फोलेट सोडून द्या, दुसऱ्या दिवशी मेथी करा.

गर्भधारणेसाठी मात्र भाजीवर विसंबू नका. बाळाची मज्जानलिका, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत मिटते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड सुरू करायचं आणि पहिले तीन महिने चालू ठेवायचं. दुकानात फोलिक अ‍ॅसिड मागितलं की बहुतेकदा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात पडते. ५ मिलिग्रॅम म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, बारा पटींहून जास्त. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल, फिट्सची काही औषधं चालू असतील, तर डॉक्टर मुद्दाम तेवढा डोस देतात. इतरांनी स्ट्रिपवर मिलिग्रॅम लिहिलंय की मायक्रोग्रॅम, हे वाचून घ्यावं.

आणि फोलिक अ‍ॅसिड चालू करताना बी१२ विसरू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर मातांचा आणि त्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यात निम्म्याहून बऱ्याच जास्त मातांमध्ये बी१२ कमी आढळलं. फोलेट भरपूर आणि बी१२ कमी अशा मातांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला प्रतिरोध, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी अवस्था, सर्वाधिक होता. आपल्या आहारात डाळ-भाजीमुळे फोलेट बऱ्यापैकी असतं. कमी असतं ते दुसरंच, आणि गोळी मात्र पहिल्याची मिळते.

दुधाचा खरा हिशोब

बी१२ वनस्पती बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. आपल्याला ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. शाकाहारी घरात याचा अर्थ दूध-दुभतं. ‘आमच्याकडे दूध भरपूर’ असं म्हणणाऱ्या घराचा हिशोब मांडून पाहू.

१०० मिलिलिटर दुधात बी१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम. काही मिनिटं उकळलं की त्यातलं तीसेक टक्के जातं, अर्धा तास आटवलं तर निम्म्यापर्यंत. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका पेल्यातून उरतं ०.७ मायक्रोग्रॅम. चहात पडतं जेमतेम ५० मिलिलिटर दूध, तेही पुन्हा उकळलेलं: कपामागे ०.१ किंवा थोडं जास्त. दिवसाला तीन कप चहा आणि जेवताना एक वाटी ताक, ज्यात दही दोन चमचे आणि बाकी पाणी, एवढ्यावर माणूस स्वतःला दूध पिणारा समजतो आणि पदरात पडतं अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आत-बाहेर.

दोन पेले दूध आणि एक मोठी वाटी घट्ट दही रोज असेल तर आकडा दोनच्या जवळ जातो. दही लागताना जिवाणू काही बी१२ वापरून टाकतात, तरी दही कामाचंच. तूप आणि लोणी यांत जवळपास काहीच नसतं, कारण बी१२ चरबीत नव्हे, पाण्याच्या भागात असतं. त्यामुळेच साय काढलेलं किंवा टोन्ड दूध या बाबतीत कमी नाही. पनीर केल्यावर उरणाऱ्या पाण्यात बी१२ आणि रायबोफ्लेव्हिन दोन्ही जातं, तर त्या पाण्यात कणीक मळा किंवा कढी करा. पिशवीवर ‘फोर्टिफाइड’ लिहिलेलं असलं तरी दुधात घालतात ते अ आणि ड जीवनसत्त्व, बी१२ नाही.

दूध तापवण्याबद्दल: पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं, ते एक उकळी येताच उतरवावं. दाट सायीसाठी मंद आचेवर वीस-वीस मिनिटं ठेवणं आणि संध्याकाळी तेच पुन्हा तापवणं बंद करा. गवळ्याकडचं सुटं दूध मात्र नीट उकळायलाच हवं; तिथे जंतूंचा धोका जीवनसत्त्वाच्या नुकसानापेक्षा मोठा. दुधातलं रायबोफ्लेव्हिन प्रकाशाने नष्ट होतं. पारदर्शक बाटलीतलं दूध दोन तास उन्हात राहिलं तर त्यातलं निम्मं जाऊ शकतं. स्टीलचं पातेलं आणि झाकण हा उत्तम उपाय आहे.

पोटाची एक मर्यादाही हिशोबात धरा. जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला धरून बी१२ आतड्यात शोषलं जातं आणि एका खेपेला या वाटेने जास्तीत जास्त दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. त्यापुढचं जे असेल त्याचा फक्त शंभरावा हिस्सा आपसूक झिरपतो. म्हणून जे खायचं ते दिवसभरात विभागून खाल्लेलं चांगलं.

मांसाहारी लोकांनाही हेच लागू पडतं. बकऱ्याच्या कलेजीत बी१२ प्रचंड असतं, पण एका जेवणात खाल्लेल्या कलेजीतलं दहाव्या हिश्शाच्या आसपासच अंगी लागतं. बांगडा, तारली, तिसऱ्या खाणाऱ्या किनारपट्टीच्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा मासे असतील तर काळजी नाही. उलट ‘रविवारी मटण, बाकी दिवस शाकाहार’ असलेल्या घरात १०० ग्रॅम मटणातून दोनेक मायक्रोग्रॅम येतात आणि ते आठवड्याला पुरवायचे असतात. चिकनमध्ये त्याहूनही बरंच कमी. अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम असतं, सगळं पिवळ्या बलकात, आणि त्यातलं थोडंच शोषलं जातं. पांढरंच खाणाऱ्यांना या बाबतीत काही मिळत नाही. श्रावणात किंवा चातुर्मासात मांसाहार थांबवल्याने मात्र बिघडत नाही. साठा चांगला असेल तर तो तेवढ्यासाठीच असतो.

स्पिरुलिनाच्या डब्यावर बी१२चा मोठा आकडा लिहिलेला असतो. त्यातला बहुतेक भाग बी१२सारखा दिसणारा, पण माणसाच्या शरीरात काम न करणारा रेणू असतो. त्यावर पैसे घालवू नका. बदाम-ओट-सोया दूध पिणाऱ्यांनी मागचं लेबल वाचावं. परदेशात अशा दुधांत बी१२ घातलेलं अनेकदा आढळतं, आपल्याकडे ते गृहीत धरता येत नाही.

कधी तपासायचं आणि अहवाल कसा वाचायचा

तळपायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणं, लाल गुळगुळीत जीभ, बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडणं, विसराळूपणा, न जाणारा थकवा, यातलं काही असेल तर तपासा. काही नसलं तरी यांनी एकदा तपासावंच: काटेकोर शाकाहारी, साठीच्या पुढचे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे, अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल-ओमेप्राझोल रोज घेणारे, जठराची किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले आणि दिवस गेलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी बायका. आईकडे बी१२ नसेल तर दुधातून बाळालाही मिळत नाही. असं बाळ सहा-आठ महिन्यांचं होता होता मंद पडतं, शिकलेलं विसरतं, कधी हातपाय थरथरू लागतात. हे तातडीने डॉक्टरांना दाखवण्याचं काम आहे.

रक्त द्यायचं ते गोळी किंवा इंजेक्शन सुरू करण्याआधी. चार दिवस गोळ्या खाऊन केलेल्या तपासणीत आकडा छान दिसतो आणि काहीच कळत नाही. साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली कमतरता, २०० ते ३०० काठावर. काही लॅब पिकोमोल प्रति लिटरमध्ये देतात, त्याला १.३५५ने गुणा. काठावरच्या आकड्याला लक्षणांची जोड असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक अ‍ॅसिड (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) तपासायला सांगतात.

नेहमी फसवणारी एक गोष्ट: बी१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, पण लोह कमी असलं की त्या लहान होतात. आपल्याकडे दोन्ही एकदम कमी असणं सर्रास आहे. मग सरासरी आकार, म्हणजे अहवालातला एमसीव्ही, अगदी नॉर्मल दिसतो. एमसीव्ही नॉर्मल म्हणून बी१२ नॉर्मल, हा निष्कर्ष काढू नका. शेजारचा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, वाढलेला असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

केसांसाठी बायोटिनच्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद करा आणि लॅबला सांगा. बऱ्याच चाचण्यांच्या रसायनांतच बायोटिन असतं, त्यामुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या चाचणीचेही आकडे चुकू शकतात. तसंही बायोटिनची खरी कमतरता दुर्मिळ आहे. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग सतत खाणाऱ्यांत ती होऊ शकते, शिजवलं की तो प्रश्न मिटतो.

गोळी निवडताना

साठा ठीक असलेल्या शाकाहाऱ्याला देखभालीपुरतं किती लागेल, ते वरच्या शोषणाच्या नियमावरून काढता येतं. ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून आत जातात साधारण साडेसहा मायक्रोग्रॅम. आठवड्यातून तीन घेतल्या की रोजचे पावणेतीन झाले. आपल्याकडे सहज मिळणारी १५०० मायक्रोग्रॅमची गोळी आठवड्यातून एक-दोनदा पुरते. मिथिलकोबालामिन की सायनोकोबालामिन यावर फार डोकं चालवू नका. नेहमीच्या वापराला दोन्ही चालतात, सायनो जास्त टिकाऊ आणि स्वस्त असतं.

कमतरता सिद्ध झाली असेल तर डोस वेगळा. तोंडाने रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅम बऱ्याच जणांना पुरतात. नसांची लक्षणं असतील तर बहुतेक डॉक्टर सुरुवातीला दिवसाआड १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं देतात. ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

बी-कॉम्प्लेक्सची स्ट्रिप हातात घेतली तर तीन आकडे पाहा. बी१२ किती? अनेक साध्या गोळ्यांत ते एखाद-दुसरा ते पंधरा मायक्रोग्रॅमच असतं, कमतरता भरून काढायला ते अपुरं. फोलिक अ‍ॅसिड किती? बी१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आणि बी६ किती? ‘नसांच्या’ गोळ्यांत ते बरंच असू शकतं आणि महिनोन्‌महिने मोठ्या प्रमाणात घेतलेल्या बी६नेच हातापायांना मुंग्या येतात. म्हणजे ज्यासाठी गोळी सुरू केली तेच वाढतं आणि माणूस डोस आणखी वाढवतो. क्षयरोगावर आयसोनियाझिड घेणाऱ्यांना बी६ दिलं जातं ते वेगळं, ते डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेतच घ्यायचं. संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट चालू असेल तर फोलिक अ‍ॅसिडचा वार आणि मात्रा चिठ्ठीबरहुकूम. रोज दारू पिणाऱ्याचं खाणं सुटलं, उलट्या सुरू झाल्या, चालताना झोक जाऊ लागला, तर घरी ग्लुकोजचं पाणी पाजत बसू नका. त्याला आधी थायमिन लागतं, तेही शिरेतून, आणि त्यासाठी रुग्णालय गाठावं लागतं.

उपचार सुरू झाल्यावर आठवड्याभरात नव्या तांबड्या पेशी वाढू लागतात आणि हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत जागेवर येतं. या काळात लोहही तपासून घ्या, कारण पेशी वेगाने बनू लागल्या की त्याचा तुटवडा उघडा पडतो. मुंग्या-बधिरपणा सावकाश जातो, सहा महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात आणि सुरुवातीला काहींना मुंग्या वाढल्यासारख्याही वाटतात. तेवढ्यावरून गोळी सोडू नका. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. गोळ्या चालू असताना बी१२ हजाराच्या वर दिसलं तर घाबरायचं कारण नाही. काहीही न घेता तेवढं आलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण यकृताच्या किंवा रक्ताच्या आजारात ते वाढलेलं दिसू शकतं. आकडा सुधारला म्हणून गोळी पूर्ण बंद केली आणि जेवण तेच राहिलं, तर वर्ष-दोन वर्षांत परत तिथेच याल. मोठा डोस थांबवून आठवड्याच्या देखभालीच्या गोळीवर या आणि ती चालू ठेवा.